थेंब घालण्याआधीची बाहुली : सव्वादोन वर्षं डोळ्यात राहिलेल्या लोखंडाचं प्रकरण

३८ वर्षांचे एक गृहस्थ उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घ्यायला माझ्याकडे आले. सोबत कागदांची फाइल होती आणि फाइलमध्ये दोन निदानं आधीच लिहिलेली होती. एक, ‘उजव्या डोळ्यात अकाली मोतीबिंदू’. दुसरं, ‘उजवी टॉनिक बाहुली’, म्हणजे मज्जातंतूच्या बिघाडाने पसरून राहिलेली बाहुली. दोन्ही निदानांना तपासणीत आधार होता. तरीही खरा आजार दोन्हींच्या पलीकडे होता, आणि पहिल्या भेटीत तो माझ्याही हातून निसटला. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. रुग्णाची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पहिली भेट

तक्रार साधी होती. आठ-नऊ महिन्यांपासून उजव्या डोळ्याने अंधूक दिसतं, समोरून दिवा आला की डोळा दिपतो, आणि अंधाऱ्या जागी त्या बाजूचं काही लवकर कळत नाही. दुखणं नाही, लाली नाही, पाणी नाही. मधुमेह नाही, स्टेरॉइडची औषधं कधी घेतलेली नाहीत. डोळ्याला मार लागला होता का, या प्रश्नाला स्वच्छ ‘नाही’. कामाबद्दल विचारलं तर हिशेबाचं, दिवसभर टेबलाशी बसून.

उजव्या डोळ्याची दृष्टी ६/२४, डाव्याची ६/६. मी स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) बसण्याआधीच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले गेले होते. मोतीबिंदूसाठी आलेला रुग्ण, आधीचे कागद तयार. वेळ वाचावा म्हणून आमच्याकडे तशीच पद्धत होती. त्यामुळे मला दिसल्या त्या दोन पसरलेल्या बाहुल्या, आणि पसरलेल्या बाहुल्या सारख्याच दिसतात. उजव्या भिंगात मागच्या बाजूला गढूळपणा होता. भिंगाच्या पुढच्या आवरणाखाली बारीक तपकिरी ठिपके होते, आणि ते साधारण गोलाकार मांडणीत होते. ‘भिंगावर रंगद्रव्याचे कण’ अशी मी नोंद केली. डोळ्याचा दाब उजवीकडे ३२ मिमी पारा आणि डावीकडे १५ होता. थेंबांनी काही डोळ्यांत दाब चढतो. पुन्हा मोजू, असं ठरवलं. डोळ्याच्या आतला, मागच्या बाजूचा पडदा (रेटिना) मोतीबिंदूमुळे धूसर दिसत होता. मधला भाग ठीक वाटला, कडेचा भाग नीट दिसला नाही.

त्या कागदावरची प्रत्येक नोंद आज वाचताना मला थांबावंसं वाटतं. चाळिशीच्या आतल्या माणसाला एकाच डोळ्यात मोतीबिंदू, त्याच डोळ्याचा दाब जास्त, त्याच डोळ्याची बाहुली बिघडलेली, आणि अंधारात त्याच डोळ्याला कमी दिसणं. चार खुणा आणि चारही एकाच डोळ्यात. अशा वेळी चार आजार मोजत बसण्याऐवजी त्या डोळ्यात नेमकं काय शिरलंय, हे शोधायला हवं होतं. मी कृत्रिम भिंगाचा नंबर काढण्याची तपासणी सांगितली आणि पुढची तारीख दिली.

फाइलमधली दुसरी गोष्ट

टॉनिक बाहुलीचं निदान कुणी उगाच केलेलं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी एका नेत्रतज्ज्ञांनी दोन बाहुल्यांमधला फरक टिपला होता. उजेडात हा फरक वाढत होता, म्हणजे बिघाड मोठ्या बाहुलीत, उजव्या बाजूला होता. पापणी आणि डोळा हलवणाऱ्या तिसऱ्या मज्जातंतूचा पक्षाघात म्हणावा तर पापणी पडलेली नव्हती आणि डोळ्याची हालचाल पूर्ण होती. मग त्यांनी बाहुली आकसवणारं पायलोकार्पिन अगदी सौम्य, ०.१२५ टक्के, दोन्ही डोळ्यांत घातलं. एवढ्या सौम्य औषधाला निरोगी बाहुली फारशी दाद देत नाही. उजवी बाहुली मात्र ठळकपणे आकसली. पुस्तकात टॉनिक बाहुलीची हीच ओळख दिलेली असते. मज्जातंतूची टोकं निकामी झाली की बाहुली आवळणारा स्नायू औषधाला अतिसंवेदनशील होतो आणि थोड्याशा औषधानेही आकसतो.

मात्र हीच चाचणी लोखंडाने बिघडलेल्या बाहुलीतही सकारात्मक येऊ शकते. डोळ्यात लोखंडाचा कण लपलेला असताना बाहुली पसरलेली राहते आणि सौम्य पायलोकार्पिनला आकसते, अशी प्रकरणं वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. स्नायू पुरता निकामी होण्याआधी त्याच्याकडे जाणारी मज्जातंतूंची टोकं खचत असावीत, असा त्यामागचा तर्क आहे. म्हणजे चाचणीचं उत्तर बरोबर होतं. मज्जातंतूचा पुरवठा तुटला आहे एवढंच ती सांगत होती. का तुटला, हे तिला ठाऊक नसतं.

टॉनिक बाहुलीच्या इतर खुणा या रुग्णात नव्हत्या. अशी बाहुली उजेडाला दाद देत नाही, पण जवळचं पाहताना हळूहळू आकसते आणि तितक्याच सावकाश सुटते. स्लिट लॅम्पवर आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याच्या) कडेला काही ठिकाणी अळीसारखी वळवळ दिसते. गुडघ्याचे, घोट्याचे झटके बऱ्याचदा मंदावलेले असतात. इथे जवळचं पाहतानाही बाहुली हलत नव्हती, वळवळ कुठेच नव्हती आणि झटके उत्तम होते. हे सगळं मी नंतर तपासलं. लेबल लागलेलं असलं की त्याखाली काय आहे हे पाहायला आपण दुसऱ्यांदा जात नाही.

फाइलच्या शेवटी एक कागद होता, मेंदूच्या एमआरआयची चिठ्ठी. बाहुल्यांमधल्या फरकाचं कारण शोधण्यासाठी ती तपासणी सांगितली होती आणि चार दिवसांनंतरची वेळही मिळालेली होती. एमआरआयआधीचा प्रश्नांचा फॉर्म त्यांनी भरला होता. ‘धातुकाम करता का’ यापुढे ‘नाही’. ‘डोळ्यात धातूचा कण गेला होता का’ यापुढेही ‘नाही’.

नऊ दिवसांनी

दुसऱ्या भेटीत ते पत्नीला सोबत घेऊन आले. यावेळी थेंब घातलेले नव्हते. पहिल्या भेटीतल्या थेंबांचा असर केव्हाच संपलेला होता, तरी उजवी बाहुली ७ मिमी होती आणि उजेडात ढिम्म हलली नाही. डावी ३ मिमी होती.

मी खोलीतला दिवा पूर्ण लावला, त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि कोणतंही यंत्र मध्ये न आणता दोन्ही डोळे नुसते पाहत राहिलो. मिनिटभर तरी पाहिलं असेल. उजवा आयरिस डाव्यापेक्षा किंचित गडद होता आणि त्यात गंजाची छटा होती. लोखंडाने आयरिसचा रंग बदलतो ही खूण पुस्तकांत ठळकपणे दिलेली असते, पण त्यांतली बरीच चित्रं निळ्या-करड्या डोळ्यांची असतात. तपकिरी डोळ्यात हा बदल इतका अस्फुट असतो की पिवळ्या दिव्याखाली किंवा नुसत्या स्लिट लॅम्पच्या झोतात तो निसटून जातो. दोन्ही डोळे एका नजरेत, दिवसाच्या उजेडात पाहावे लागतात.

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टर, मला वर्षभरापासून वाटतंय की यांचा हा डोळा वेगळा दिसतो. मी बोलले की हे म्हणतात, भास होतो तुला.”

फोनमधले जुने फोटो पाहिले. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोत बाहुल्या सारख्या होत्या आणि रंगही सारखाच.

मग मी प्रश्न बदलला. मार लागला होता का, काम काय करता, हे विचारलं नाही. विचारलं, “कधी हातोडी मारताना, खिळा ठोकताना, किंवा दुसरं कुणी ठोकत असताना जवळ उभे होतात, आणि डोळ्यात कचरा गेल्यासारखं वाटलं, असं काही झालं होतं का?”

“कचरा? ते तर कुणालाही होतं.”

पत्नी त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, “अहो, तो गंजलेला बोल्ट काढताना? दोन दिवस डोळा चोळत होतात.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षं आणि चार महिन्यांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी ते छिन्नी आणि हातोडीने एक अडकलेला बोल्ट तोडत होते. आयुष्यात असं काम त्यांनी त्या एकदाच केलं. काहीतरी टचकन लागलं, डोळ्यातून पाणी आलं, त्यांनी डोळा धुतला. दुसऱ्या दिवशी जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. दृष्टी पूर्ण होती, वर ओरखडा दिसला, थेंब मिळाले, चार दिवसांत बरं वाटलं. एक्स-रे किंवा सीटी झाला नाही. बाहुली मोठी करून आतली तपासणीही झाली नाही.

त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी तो ‘मार’ नव्हताच. मार म्हणजे सूज, रक्त, वेदना. धातूवर धातू आपटून उडालेला बारीक तुकडा मात्र प्रचंड वेगाने येतो, कड धारदार असते, आणि डोळ्यात शिरताना इतकं लहान छिद्र पाडतो की ते आपोआप मिटतं. दुखणं फारसं होत नाही, दृष्टी त्या दिवशी उत्तम असू शकते. डोळ्यात राहून गेलेल्या धातूच्या तुकड्यांमागे हातोडीचा घाव हे जगभर सर्वांत जास्त आढळणारं कारण आहे. आणि हातोडी सगळ्यांच्याच हातात कधी ना कधी येते. ‘काम काय करता’ हा प्रश्न कामगाराला शोधतो. घरी एकदाच छिन्नी उचलणारा माणूस त्यातून सुटतो.

एमआरआयची वेळ, सुदैवाने, त्यांनीच पुढे ढकलली होती. मी ती तिथल्या तिथे रद्द करायला सांगितली. चुंबकाला खेचला जाणारा तुकडा डोळ्यात असताना एमआरआयच्या चुंबकीय क्षेत्रात गेलं तर तो आत सरकून पडदा फाडू शकतो, रक्तस्राव करू शकतो. १९८६ साली अशाच एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. डोळ्यात धातू आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तपासणीनंतर त्याची त्या डोळ्याची दृष्टी गेली. धातूचा संशय असेल तर सीटी आधी करायचा, हा नियम त्या अनुभवातून पक्का झाला.

शोध

आता कुठे पाहायचं हे माहीत होतं, म्हणून दिसायला लागलं. थेंब न घालता, झोत बाहुलीतून आत सोडून परत येणारा लाल प्रकाश पाहिला, तेव्हा आयरिसच्या मुळाशी, घड्याळातल्या आठच्या काट्याच्या जागी, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र चमकलं. त्याच्या बरोबर समोर कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराच्या) कडेला सव्वा मिलिमीटरचा रेघेसारखा व्रण होता. कडेच्या नैसर्गिक तपकिरी रंगात तो इतका मिसळून गेला होता की मुद्दाम शोधल्याशिवाय दिसला नसता. पहिल्या भेटीत बाहुली पसरवल्यावर आयरिसची घडी कडेला दाटली होती आणि छिद्र तिच्यात झाकलं गेलं होतं. गोनिओस्कोपीत (डोळ्यातला द्रव जिथून बाहेर जातो तो कोन पाहण्याच्या तपासणीत) डोळ्याचा कोन उघडाच होता, पण डाव्याच्या मानाने काळपट. आठच्या काट्यावर आयरिसच्या मुळाशी जुनी फाट.

भिंगावरचे ते तपकिरी ठिपके रंगद्रव्याचे नव्हते. भिंगाच्या पेशी लोखंड साठवतात आणि पुढच्या आवरणाखाली गंजाचे ठिपके वर्तुळात उमटतात. बाहुली पसरवल्यावर ते जास्त चांगले दिसतात. म्हणजे पहिल्या दिवशी थेंबांनी एक खूण झाकली आणि दुसरी उघडी करून दाखवली, आणि मी त्या उघड्या खुणेलाही चुकीचं नाव दिलं.

उजवी बाहुली हलतच नसल्याने दृष्टिमज्जेचा (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा) दोष पाहायला डाव्या बाहुलीचा आधार घेतला. झोत उजव्या डोळ्यावर नेला की डावी बाहुली पसरायची, डाव्या डोळ्यावर आणला की आकसायची. म्हणजे उजव्या डोळ्याकडून जाणारा संदेश कमजोर होता. एवढा फरक नुसत्या मोतीबिंदूने पडत नाही, पडदा किंवा मज्जा खचलेली असावी लागते.

सीटी स्कॅन पातळ कापांचा, एक मिलिमीटरच्या आतला मागितला. जाड कापांमध्ये लहान तुकडा दोन कापांच्या मध्ये हरवू शकतो. उजव्या डोळ्याच्या खालच्या-बाहेरच्या भिंतीलगत दोन मिलिमीटरचा, धातूच्या घनतेचा ठिपका दिसला. सोनोग्राफीत त्याच जागी प्रखर चमक आणि मागे सावली. मग मोतीबिंदूच्या कडेने, स्क्लेरा (डोळ्याचं पांढरं कवच) बाहेरून दाबत, पडद्याची कड दाखवणाऱ्या इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपने पाहिलं. पडद्याच्या कडेजवळ पांढुरक्या तंतूंच्या पिशवीत गुंडाळलेला, तपकिरी झाक असलेला उंचवटा. आसपास रंगद्रव्याचे गठ्ठे. मोतीबिंदूशिवाय पाहिलं असतं तर कडेचा पडदा रेटिनायटिस पिगमेंटोसासारखा (पडदा झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारासारखा) वाटला असता. एकाच डोळ्यात तसं चित्र दिसलं तर आनुवंशिक आजार म्हणण्याआधी बाहेरून आलेला धातू, जुना मार आणि जुना संसर्ग हे तीन वगळलेच पाहिजेत.

निदान : सायडेरोसिस बल्बाय, अर्थात डोळ्यात राहिलेल्या लोखंडाने हळूहळू झालेली विषबाधा.

लोखंड डोळ्यात काय करतं

तुकडा डोळ्यातल्या द्रवात गंजतो. त्यातून सुटलेले लोहाचे आयन सगळीकडे पसरतात आणि पेशींमध्ये साठतात. साठण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : बाहुलीचे स्नायू, भिंगाच्या पुढच्या पेशी, द्रव तयार करणाऱ्या सिलिअरी बॉडीचं अस्तर, द्रव बाहेर नेणारी ट्रॅबेक्युलर जाळी, आणि पडदा. म्हणून बाहुली पसरते, मोतीबिंदू येतो, काचबिंदू होतो आणि अंधारात दिसणं कमी होतं. या रुग्णाच्या चारही तक्रारी या एका यादीत बसतात.

पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड थोडंफार नेहमीच तयार होत असतं. फेरस लोह त्याच्याशी भिडलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल निर्माण होतात. ही फेंटन अभिक्रिया. हे रॅडिकल पेशीच्या पटलातल्या मेदाम्लांवर तुटून पडतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची टोकं अशा मेदाम्लांनी गच्च भरलेल्या पटलांच्या चळती असतात, त्यामुळे पडद्याचं नुकसान मोठं होतं. अंधारात पाहायला लागणाऱ्या दंडपेशींचं कार्य सहसा आधी मंदावतं, आणि दृष्टीचं क्षेत्र कडेकडून आत येतं. मधली दृष्टी बराच काळ टिकून राहते, आणि तिथेच रुग्ण आणि डॉक्टर दोघेही निर्धास्त राहतात.

किती दिवसांत हे होईल, याचा एकच आकडा नाही. काही आठवडेही पुरतात, कधी वर्षं जातात. तुकड्यात शुद्ध लोह किती, तो केवढा, कुठे बसला आहे, भोवती तंतूंची पिशवी किती घट्ट आहे, यावर ते ठरतं. या रुग्णाची पिशवी चांगली जाड होती. तिनेच त्यांना दोन वर्षं दिली असावीत.

पडद्याची हानी मोजायला ईआरजी लागतो. क्षणभर चमकलेल्या प्रकाशाला पडदा जो विद्युत प्रतिसाद देतो त्याची ही नोंद. स्वीडनच्या गोस्टा कार्पे यांनी १९४५ मध्ये तो दवाखान्यातल्या वापरात आणला. सायडेरोसिसमध्ये सुरुवातीला काही काळ ए-लहर (या नोंदीतली पहिली लहर) उलट मोठी होऊ शकते, मग बी-लहर (तिच्यानंतरची) घटत जाते आणि शेवटी सगळी रेघ सपाट. आमच्या रुग्णात वीस मिनिटं अंधारात ठेवून दिलेल्या मंद प्रकाशाला डाव्या डोळ्याची बी-लहर २४० मायक्रोव्होल्ट आली, उजव्याची ७०. उजेडातल्या ३० हर्ट्झच्या लुकलुकीला डावीकडे ११०, उजवीकडे ७२. दंडपेशी बऱ्याच खचल्या होत्या, शंकुपेशी अजून तग धरून होत्या.

काढायचं की ठेवायचं

पिशवीत गुंडाळलेला जुना तुकडा प्रत्येक वेळी काढलाच पाहिजे असं नाही. ईआरजी वारंवार सारखाच येत असेल, दाब ठीक असेल, तर लक्ष ठेवून थांबणं हाही रास्त मार्ग आहे. शस्त्रक्रियेत पडदा सुटण्याचा, रक्तस्रावाचा आणि नंतर पडद्यावर व्रणाच्या ऊतीची जाळी धरण्याचा धोका खरा आहे. इथे मात्र थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. दाब औषधाविना ३२ होता, दृष्टिमज्जेचा खोलगटपणा वाढलेला होता, ईआरजी एक तृतीयांशाच्या आत आला होता. लोह बांधून ठेवणारी डेफेरॉक्सामिनसारखी औषधं पूर्वी वापरून पाहिली गेली आहेत, पण मूळ तुकडा आत ठेवून त्यांच्यावर विसंबता येत नाही.

आम्ही त्यांना स्पष्ट सांगितलं की शस्त्रक्रिया पुढची हानी रोखण्यासाठी आहे. मोतीबिंदू काढल्याने समोरचं साफ दिसेल, अंधारातलं किती परत येईल याची हमी देता येत नाही. त्यांनी एकच विचारलं, “तेव्हाच काढला असता तर?” मी म्हटलं, तेव्हा काढला असता तर बहुधा यातलं काहीच झालं नसतं. हे सांगताना जड गेलं, पण विचारलेल्या प्रश्नाला दुसरं उत्तर नव्हतं.

शस्त्रक्रिया

तुकडा काढण्यासाठी चुंबक वापरण्याची कल्पना जुनी आहे. यूलिउस हिर्शबर्ग यांनी १८७९ मध्ये हातात धरायचा विद्युतचुंबक वापरला. झुरिचच्या ओटो हाब यांनी १८९२ मध्ये राक्षसी चुंबक आणला, ज्याच्यासमोर रुग्णाचा डोळा धरला की तुकडा आतून ओढला जाई. पण तुकडा कोणत्या वाटेने येईल आणि वाटेत काय फाडेल, यावर ताबा कमी. १९७० च्या सुमाराला रॉबर्ट माखेमर यांनी पार्स प्लाना व्हिट्रेक्टमीची (बाजूच्या छिद्रांतून आत जाऊन डोळ्यातला जेलीसारखा व्हिट्रियस काढण्याची) वाट खुली केली आणि तुकडा डोळ्यांदेखत, आत जाऊन काढता येऊ लागला. आजचा चुंबक पेन्सिलीच्या टोकाहून बारीक असतो आणि काम झालं की बाजूला ठेवतात.

आधी फेकोने (ध्वनिलहरींनी भिंग फोडण्याच्या पद्धतीने) मोतीबिंदू काढला. आठच्या काट्यावर भिंगाचे आधारतंतू तुटलेले निघाले, म्हणून भिंगाच्या आवरणाच्या पिशवीत ती ताणून धरणारी टेन्शन रिंग बसवली. भिंगाच्या पुढच्या आवरणाची गोल चकती पॅथॉलॉजीला पाठवली.

मग २३ गेजची व्हिट्रेक्टमी. तरुण वयातला व्हिट्रियस पडद्याला घट्ट चिकटलेला असतो. ट्रायमसिनोलोनने तो रंगवून दृष्टिमज्जेपासून सोडवत कडेपर्यंत नेला. घाई केली असती तर पडदा इथेच फाटला असता, म्हणून सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला दिला. तुकड्याभोवतीच्या पिशवीला हात लावण्याआधी तिच्याभोवती लेझरच्या तीन रांगा मारल्या. पडद्याच्या मध्यावर पर्फ्लुरोकार्बन द्रवाचा घुमट ठेवला. हा द्रव पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असतो, पोलाद त्याहून चौपट जड. तुकडा त्यावर तरंगणार नाही, पण निसटला तर मॅक्युलावर (पडद्याच्या मध्यावर, जिथे बारीक दिसतं त्या जागी) थेट आदळणार नाही, एवढं संरक्षण मिळतं.

पिशवी पात्याने चिरली तेव्हा गंजाची भुकटी ढगासारखी उठली. आतून तुकडा चुंबकाने अलगद सुटला. तो फोर्सेप्सने धरून स्क्लेराच्या छेदाकडे आणला, आणि छेदाच्या ओठावर तो अडकला, निसटला आणि आत पडला. छेद मी तुकड्याच्या मापाने घेतला होता. फोर्सेप्सचे दोन जबडे धरून तुकडा जेवढा रुंद होतो, तेवढा घ्यायला हवा होता. तुकडा घुमटाच्या उतारावरून घरंगळून खालच्या बाजूला, मॅक्युलापासून दूर थांबला. पडद्यावर एक बारीक रक्ताचा ठिपका उमटला, बाकी काही नाही. छेद साडेतीन मिलिमीटरपर्यंत वाढवला आणि दुसऱ्या खेपेला तो बाहेर आला. लांबी २.१ मिमी, एका बाजूला वक्र, दुसऱ्या बाजूला ब्लेडसारखा. जिथे पडला होता तिथेही लेझर मारला, कड पुन्हा पूर्ण फिरवून पाहिली, हवा भरली, मग वीस टक्के एसएफ-सिक्स वायू. कृत्रिम भिंग आवरणाच्या पिशवीतच बसलं.

भिंगाच्या आवरणाची चकती पर्ल्सच्या रंगाने तपासली गेली. लोह असेल तिथे हा रंग निळा उमटतो. पेशीच्या पेशी निळ्या झालेल्या होत्या. सीटीने धातू दाखवला होता. तो लोखंडच होता आणि डोळाभर पसरला होता, याचा पुरावा या चकतीने दिला.

चौथ्या आठवड्याच्या भेटीत ते ती छिन्नी कागदात गुंडाळून घेऊन आले. ठोकून ठोकून तिचं डोकं छत्रीसारखं पसरलं होतं आणि कडेला भेगा होत्या. पसरलेल्या डोक्याच्या छिन्नीतून असेच तुकडे उडतात. हातोडी बसते त्या कडेचाच एक वक्र कण तिथून गेलेला दिसत होता.

त्यानंतरचं वर्ष

पहिल्या दिवशी दाब २८ होता, तिसऱ्या आठवड्यात दोन औषधांवर १८. सहाव्या महिन्यात एक औषध बंद करता आलं. दृष्टी सहा आठवड्यांनी ६/१२, सहा महिन्यांनी ६/९. पडदा जागेवर आहे, जाळी धरलेली नाही.

बाहुली हळूहळू थोडी सावरली. सहाव्या महिन्यात ५.५ मिमी झाली आणि प्रखर उजेडाला अगदी मंद दाद देऊ लागली. वर्ष पूर्ण होताना ५ मिमी. आयरिसचा गंजका रंग कमी झाला आहे. पत्नींच्या मते आता दोन डोळे ‘बऱ्यापैकी एकाच माणसाचे’ दिसतात. तुकडा काढल्यावर रंग आणि बाहुली सुधारल्याची वर्णनं आहेत, त्यामुळे याचं नवल नाही, पण प्रत्यक्ष पाहताना समाधान वाटलंच.

ईआरजीची गोष्ट वेगळी. अंधारातली बी-लहर ७० वरून तिसऱ्या महिन्यात ८८, सहाव्या महिन्यात १०५, आणि बाराव्या महिन्यात १०८. म्हणजे ती चढली आणि डाव्या डोळ्याच्या निम्म्याच्याही खाली थांबली. दृष्टिक्षेत्र खालून आणि नाकाच्या बाजूने आत आलेलं आहे तसंच आहे. जे भाग शस्त्रक्रियेआधी गेले होते ते आले नाहीत, आणि नवीन गेलेले नाहीत. वाचणं, हिशेबाचं काम, दिवसा चालणं यात त्यांना अडचण नाही. रात्री गाडी चालवणं त्यांनी स्वतःहून सोडलं आहे. जिना उतरताना उजवा हात कठड्यावर असतो.

आमच्या विभागात आता थेंबांच्या बाटलीशेजारी एक छोटा कागद असतो. त्यावर दोन्ही बाहुल्यांचं माप, उजेडाला दाद आणि दोन्ही आयरिसचा रंग लिहिल्याखेरीज थेंब घातले जात नाहीत. याला एका रुग्णामागे जेमतेम अर्धं मिनिट जातं. इतिहास घेतानाच्या प्रश्नांतही ‘हातोडी’ हा शब्द आहे, आणि तो प्रश्न सोबत आलेल्या माणसालाही विचारला जातो. त्यांचा पुढचा ईआरजी अठराव्या महिन्यात ठरला आहे.